डोस वाढवायचा कोणी? जीपीच्या पेशंटसाठी हार्ट फेल्युअर नर्स नेमकं काय करते

प्रश्न असा आला आहे: "मी नाशिकला नर्सिंग केलं आणि आता इंग्लंडमध्ये एका जीपी सर्जरीत (फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात) प्रॅक्टिस नर्स आहे. डायबेटिस, दमा, बीपी यांचे रिव्ह्यू आम्ही नर्सेसच करतो. हार्ट फेल्युअरचा पेशंट आला की मात्र 'कम्युनिटी हार्ट फेल्युअर टीमकडे पाठवा' एवढंच सांगतात. आम्ही आणि सर्जरीतला फार्मासिस्ट मिळून करू शकणार नाही असं ती स्पेशालिस्ट नर्स काय करते? आणि मला पुढेमागे या कामात यायचं असेल तर सुरुवात कुठून करू?"

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाला शरीरासाठी पुरेसं रक्त पंप करता न येणं. थोडक्यात उत्तर द्यायचं तर ती नर्स औषधांचे डोस वाढवते, त्यानंतरच्या रक्ताच्या रिपोर्टची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेते आणि पुढच्या भेटीची तारीख तिथल्या तिथे ठरवते. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. माहितीपत्रकांत आम्हा हार्ट फेल्युअर नर्सेसच्या कामाचं वर्णन 'पेशंटला शिकवणं, आधार देणं, घरच्यांशी बोलणं' असं असतं. तेही आम्ही करतो, मनापासून करतो. पण हृदयाचं आकुंचन कमी झालेला पेशंट जास्त जगतो आणि हॉस्पिटलच्या बाहेर राहतो तो मुख्यतः औषधं पुरेशा मात्रेला पोचल्यामुळे. ती पोचवण्याचं काम सगळ्यांचं म्हणून सोडलं की ते कुणाचंच राहत नाही.

ब्रिटनमध्ये हार्ट फेल्युअर असलेले १० लाखांहून अधिक लोक आहेत. २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जीपींच्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास छापून आला होता. निदानानंतर ५ वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण २००० साली निदान झालेल्यांमध्ये ४१ टक्के होतं, तर २०१२ साली निदान झालेल्यांमध्ये ४८ टक्के. बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, एस इनहिबिटर या हार्ट फेल्युअरवरच्या सगळ्या मुख्य औषधांचे पुरावे हातात असलेला हा काळ, आणि सुधारणा एवढीच. त्यामागे कारणं अनेक आहेत, पेशंटचं वाढलेलं वय आणि सोबतचे इतर आजार ही त्यातली मोठी. पण घरोघरी जाऊन गोळ्यांची पाकिटं पाहणाऱ्या माझ्यासारखीला त्यातलं एक कारण रोज दिसतं: चांगलं औषध सुरू झालेलं असतं आणि वर्षानुवर्षं पहिल्याच डोसवर थांबलेलं असतं.

ते का थांबतं हे समजायला बिसोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरचं उदाहरण घ्या. सुरुवात १.२५ मिलिग्रॅमने, मग २.५, ३.७५, ५, ७.५ आणि शेवटी १०. ठरलेल्या पद्धतीने दोन पायऱ्यांमध्ये किमान २ आठवडे जाऊ द्यायचे. म्हणजे काहीही अडलं नाही तरी एका गोळीला अडीच महिने लागतात. तिच्या जोडीला रॅमिप्रिलसारखं एस इनहिबिटर किंवा त्याऐवजी सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन, मग स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. यातलं शेवटचं एकाच डोसचं आहे, ते बरं. बाकीच्यांच्या प्रत्येक पायरीला नाडी, बसून आणि उभं राहून बीपी, वजन बघायचं, आणि बीटा ब्लॉकर सोडला तर आठवड्या-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आणि पोटॅशियमही. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज पत्रात हे सगळं एका वाक्यात येतं: 'जीपींनी कृपया डोस वाढवावेत.' जीपीकडे १० मिनिटं असतात. पेशंट येतो तो गुडघेदुखी घेऊन. दर वेळी समोर वेगळा डॉक्टर असतो. बीपी १०४ दिसतं आणि प्रत्येक जण विचार करतो, आज नको, पुढच्या वेळी बघू. त्या डॉक्टरांपैकी कुणीही चुकीचं वागलेलं नसतं. तरीही वर्षाने डोस तिथेच असतो.

आता नर्स काय वेगळं करते ते एका नेहमीच्या चित्रावरून सांगते. सत्तरी ओलांडलेला पेशंट हॉस्पिटलमधून घरी आला आहे, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते प्रमाण) २८ टक्के. बिसोप्रोलॉल २.५, रॅमिप्रिल २.५, डॅपाग्लिफ्लोझिन १०, आणि लघवीवाटे पाणी काढणारं फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. दुसऱ्या आठवड्यात तो म्हणतो, उठलं की चक्कर येते. बीपी ९८. क्रिएटिनिन १०४ वरून १२८ वर गेलंय. सर्जरीत बहुतेक वेळा काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल: 'किडनी बिघडतेय, बीपी कमी आहे, रॅमिप्रिल बंद.' आमची नजर आधी पाण्याकडे जाते. मानेची शीर फुगलेली आहे का, पायांवर सूज आहे का, फुप्फुसाच्या तळाशी काही ऐकू येतंय का, डिस्चार्जच्या दिवसापेक्षा वजन किती खाली आलंय? सूज नाही, छाती साफ आहे आणि वजन ३ किलोने उतरलंय, तर माणूस कोरडा पडलाय. फ्युरोसेमाइड निम्मं करायचं. त्यासोबत प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा जुन्या बीपीसाठी अम्लोडिपिन चालू आहे का ते शोधायचं, कारण ती हृदयाला मदत न करता बीपी खाली आणतात. आणि रॅमिप्रिल तसंच ठेवायचं. क्रिएटिनिन मुळापेक्षा ५० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी चालतं, इथे ते २३ टक्केच वाढलंय. आठवड्याने पुन्हा रक्त. पुढच्या भेटीत चक्कर गेलेली असते आणि बहुधा डोस वाढवायलाही जागा झालेली असते.

हा निर्णय अवघड नाही. पण तो घेणाऱ्याला तीन गोष्टी लागतात: पेशंटला हात लावून तपासता येणं, स्वतः प्रिस्क्रिप्शन बदलता येणं, आणि पुढच्या आठवड्यात तोच पेशंट पुन्हा दिसेल याची खात्री. यातलं एक नसलं तरी शहाणा माणूस औषध बंदच करतो, आणि त्या परिस्थितीत ते योग्यही असतं.

पोटॅशियमचा मुद्दा मी कधीच घाईत उरकत नाही, कारण स्पायरोनोलॅक्टोनने ते वाढू शकतं. स्पायरोनोलॅक्टोनने गंभीर हार्ट फेल्युअरमधले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होतात हे १९९९ साली सिद्ध झालं. लगेच ते सगळीकडे लिहिलं जाऊ लागलं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या वृद्ध पेशंट्सच्या नोंदी २००४ साली प्रसिद्ध झाल्या. एस इनहिबिटर घेणाऱ्यांमध्ये पोटॅशियम वाढून हॉस्पिटलात दाखल होण्याचं प्रमाण १९९४ साली हजारी २.४ होतं, ते २००१ साली हजारी ११ झालं होतं. मृत्यूही वाढले होते. गोळी तीच. चाचणीत पेशंट काळजीपूर्वक निवडलेले होते आणि रक्तावर कुणाची तरी नजर होती. बाहेर ती नजर राहिली नाही. म्हणून मी नव्या सहकाऱ्यांना सांगते, स्पायरोनोलॅक्टोन लिहिताना रक्ततपासणीची तारीख आणि रिपोर्ट बघणाऱ्याचं नाव ठरलेलं नसेल तर त्या दिवशी लिहू नका. ५.५ च्या वर गेलं तर डोस निम्मा, ६ ला पोचलं तर बंद, हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. शुक्रवारी संध्याकाळी ५.८ चा रिपोर्ट कुणाच्या इनबॉक्समध्ये पडतो, हा खरा प्रश्न असतो.

आमच्या कामाचा पुरावा किती भक्कम आहे हेही विचारायला हवं, कारण नर्स नेमली की सगळं आपोआप सुधारतं असं नाही. ग्लासगोमध्ये झालेली, २००१ साली प्रसिद्ध झालेली चाचणी आमच्या क्षेत्राचा पाया मानली जाते. १६५ पेशंट होते. निम्म्यांकडे प्रशिक्षित नर्स घरी जात होत्या, आधी वारंवार, मग हळूहळू कमी, मध्ये फोन. त्या औषधं लेखी नियमांनुसार वाढवत, रक्त तपासत, पेशंटला स्वतःचं वजन आणि लक्षणं ओळखायला शिकवत. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा दाखल होणं, यातलं काही एक नेहमीच्या उपचारात ५३ टक्क्यांच्या वाट्याला आलं, नर्सच्या गटात ३७ टक्क्यांच्या. उलट नेदरलँड्समध्ये हजारावर पेशंट्सचा एक मोठा अभ्यास झाला, २००८ साली त्याचे निकाल आले. तिथे नर्सकडून साधं किंवा सघन मार्गदर्शन मिळालेल्यांमध्ये आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये ठळक फरक दिसला नाही. तिथल्या नेहमीच्या उपचारातच कार्डिऑलॉजिस्टच्या भेटी चांगल्या होत्या, हे एक. दुसरं माझं मत असं की सल्ला आणि समुपदेशन वाढवत नेण्याला मर्यादा आहे, औषध हलवण्याचा अधिकार हाती असेल तर गोष्ट वेगळी होते. २०२२ साली आलेल्या स्ट्रॉंग-एचएफ चाचणीने तर वेगाचाच प्रश्न उभा केला. १०७८ पेशंट्सपैकी एका गटात डिस्चार्जनंतर २ आठवड्यांतच पूर्ण डोसपर्यंत जायचा प्रयत्न झाला, पाठोपाठ भेटी आणि रक्ततपासण्या ठेवून. ६ महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं १५ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २३ टक्के. इतक्या वेगाने जायचं तर कुणीतरी एक माणूस सतत त्या पेशंटच्या मागे असायला हवा. आणि वर मी बिसोप्रोलॉलचं जे अडीच महिन्यांचं गणित मांडलं तेही आता नव्याने तपासायला हवं.

तुम्ही फार्मासिस्टबद्दल विचारलंत. माझ्या ओळखीतले काही फार्मासिस्ट डोस वाढवण्यात आमच्यापेक्षा तरबेज आहेत आणि त्यांना हे काम देऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही. नाइस (इंग्लंडमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणारी संस्था) हिच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही टीममध्ये तज्ज्ञ डॉक्टर, स्पेशालिस्ट नर्स आणि हार्ट फेल्युअरची औषधं लिहिण्यात तरबेज असलेली व्यक्ती असं तिघांचं मिळून वर्णन आहे. पदाचं नाव काहीही असो. प्रिस्क्रिप्शनचा अधिकार, तपासणीचं कसब, फोनवर मिळणारा कार्डिऑलॉजिस्ट आणि घरी जायला वेळ, एवढं एकत्र हवं. इंग्लंडमध्ये २००६ पासून पात्र नर्स प्रिस्क्रायबर जवळपास सगळी औषधं लिहू शकतात, आणि माझ्या मते आमच्या कामाला खरा दम त्या बदलानंतर आला. त्याआधी प्रत्येक बदलासाठी जीपीच्या सहीची वाट पाहायची, म्हणजे पुन्हा तोच उशीर.

घरी जाणं ही चैन आहे असं व्यवस्थापनाला अधूनमधून वाटतं. क्लिनिकमध्ये एका सकाळी जास्त पेशंट बघून होतात, हे खरंच आहे. पण पहिली भेट तरी घरीच व्हावी असा माझा आग्रह असतो. क्लिनिकमध्ये माणूस सांगतो, 'गोळ्या सगळ्या घेतो.' घरी कपाट उघडलं की रॅमिप्रिलचं जुनं पाकीट सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनच्या शेजारी दिसतं. या दोघांमध्ये किमान ३६ तासांचं अंतर हवं, नाहीतर जीभ-घसा सुजून जिवावर बेतू शकतं. स्वयंपाकघरात पोटॅशियमवालं कमी-सोडियम मीठ असतं, 'हार्टला चांगलं' म्हणून मुलाने आणलेलं, आणि सोबत स्पायरोनोलॅक्टोन चालू असतं. पाण्यात विरघळणाऱ्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या असतात. त्या दिवसाला ८ घेतल्या तर ३ ग्रॅमहून जास्त सोडियम जातं, म्हणजे दिवसभराच्या ६ ग्रॅम मिठातल्यापेक्षा अधिक. पाठदुखीसाठी दुकानातून आणलेलं आयब्युप्रोफेन असतं. आणि हॉलमधल्या आरामखुर्चीवर उशी-पांघरूण दिसतं. रात्री झोप कशी लागते याचं उत्तर तिथेच मिळतं, कारण आडवं झालं की दम लागतो म्हणून माणूस महिनाभर खुर्चीतच झोपत असतो आणि त्याने ते कुणाला सांगितलेलं नसतं.

आपल्या लोकांच्या घरी आणखी काही गोष्टी बघाव्या लागतात, आणि इथे मराठी, गुजराती, पंजाबी बोलणारी नर्स फार उपयोगी पडते. 'दम लागतो का?' असं विचारलं की आजोबा म्हणतात, 'नाही हो, वयच झालं आता.' म्हणून मी विचारते, आंघोळीनंतर अंग पुसताना मध्येच बसावं लागतं का? बूट घालायला वाकलात की कसं वाटतं? जिना चढून वर गेल्यावर लगेच बोलता येतं का? गेल्या दिवाळीला करत होतात आणि आता सोडलंत असं काही आहे का? शेवटच्या प्रश्नावर बायको उत्तर देते आणि ते उत्तर बहुतेक वेळा खरं असतं. 'गोळ्या गरम पडतात' म्हणून एक दिवसाआड घेणारे असतात. त्यांना रागावून काही होत नाही. कोणती गोळी घेतल्यावर नेमकं काय होतं ते ऐकून घेतलं, तर अर्ध्या वेळा सकाळी एकदम घेतलेल्या पाच गोळ्यांनंतरची चक्कर निघते, आणि त्या दिवसभरात वाटून दिल्या की प्रश्न मिटतो. मिठाबद्दल मी लोणचं-पापडावरच बोलते, सगळंच अळणी करा असं सांगत नाही. नाइसही सरसकट मीठ-पाणी तोडा असं म्हणत नाही, किती जातंय ते विचारा आणि जास्त असेल तर कमी करा, असं सांगतं.

उपवासाचं आवर्जून विचारा. डायबेटिस असलेला पेशंट डॅपाग्लिफ्लोझिन घेऊन निर्जळी एकादशी करत असेल तर साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साचवणारा, जीवघेणा कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. अशा दिवशी ती गोळी थांबवायची हे आधीच लिहून द्यावं लागतं. उलट्या-जुलाब झाले तर फ्युरोसेमाइड, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन तात्पुरती थांबवायची, नीट खाणं-पिणं सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की पुन्हा चालू करायची. बंद करायला सगळ्यांना आठवतं. पुन्हा चालू करायला कुणी आठवण करत नाही, आणि दोन महिन्यांनी पेशंट सुजून येतो. म्हणून आम्ही देतो त्या कागदावर 'कधी सुरू करायचं' हे मोठ्या अक्षरात असतं, आणि फोन करायचा नंबरही.

मग भारतवारी. हिवाळ्यात तीन महिने गावी जाणारे पुष्कळ असतात. निघण्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या, औषधांची यादी त्यांच्या मूळ नावांनी, आणि कोरड्या वजनाचा (अंगात जास्तीचं पाणी नसतानाच्या वजनाचा) आकडा त्यांच्या हातात असायला हवा. मार्च-एप्रिलपर्यंत नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरकडे राहणार असतील तर उन्हात घाम जाऊन वजन उतरलं की फ्युरोसेमाइड किती कमी करायचं हेही सांगून ठेवते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, स्पायरोनोलॅक्टोनवर असताना रोज एक शहाळं नको. परत आल्यावर पिशवी बघायचीच. तिकडच्या डॉक्टरांनी बीपीसाठी टेल्मिसार्टन सुरू केलेलं असतं, ब्रँडचं नाव वेगळं असतं, आणि इकडचं सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनही चालूच असतं. एकाच जातीची दोन औषधं एकावर एक. यात कुणाचाच दोष नसतो, दोन्हीकडच्या डॉक्टरांपुढे अर्धीच यादी आलेली असते.

आता तुमच्या सर्जरीकडे येते, कारण या आजाराची सुरुवात आमच्यापेक्षा आधी तुम्हाला दिसते. एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) २०१९ च्या दीर्घकालीन आराखड्यात नोंदवलं आहे की हार्ट फेल्युअरचं ८० टक्के निदान हॉस्पिटलात होतं, आणि त्यातल्या ४० टक्के लोकांना आधीच तपासायला हवं होतं अशी लक्षणं होती. ती लक्षणं घेऊन ते कुणाकडे येत होते? सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) रिव्ह्यूला तुमच्याकडे. इन्हेलर वाढत जातं, दम काही कमी होत नाही, घोटे सुजलेले असतात म्हणून कुणीतरी फ्युरोसेमाइड दिलेलं असतं, आणि निदानाच्या रकान्यात हार्ट फेल्युअर कुठेच नसतं. अशा वेळी एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी साधी रक्ततपासणी मागायची. २००० च्या वर आलं तर २ आठवड्यांत तज्ज्ञ तपासणी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी), ४०० ते २००० मध्ये असेल तर ६ आठवड्यांत. ४०० च्या खाली असेल तर शक्यता कमी, पण पेशंट लठ्ठ असेल किंवा आधीच फ्युरोसेमाइड, रॅमिप्रिल घेत असेल तर आकडा फसवा कमी येतो. वय, किडनीचा आजार आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) यांनी तो वाढतो. अम्लोडिपिननेही घोटे सुजतात हे खरं, पण ते गृहीत धरून ही तपासणी टाळू नका.

एक गोष्ट मला मनापासून खटकते ती इथे सांगते. अनेक ठिकाणी कम्युनिटी टीमला फक्त आकुंचन कमी झालेले पेशंट घ्यायची परवानगी असते. ज्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन चांगलं आहे पण हृदय ताठर झालंय, असे पेशंट एकूण पेशंट्सच्या निम्म्याच्या आसपास आहेत. बहुतेक वयस्कर बायका, बीपी, लठ्ठपणा, एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या. त्यांना पत्र येतं, 'आमच्या निकषात बसत नाही.' पूर्वी निदान असं म्हणता यायचं की त्यांच्यासाठी औषध नाही. २०२१ आणि २०२२ च्या चाचण्यांनंतर एम्पाग्लिफ्लोझिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन यांचा या पेशंट्सनाही फायदा होतो हे दिसलं आणि २०२३ मध्ये नाइसने त्यांना मान्यता दिली. त्यांनाही फ्युरोसेमाइडचा डोस हलवणारं, वजन बघणारं कुणीतरी लागतंच. तुमच्या भागात हे दार बंद असेल तर जीपींना घेऊन टीमशी बोला. ते पेशंट तुमच्याच वेटिंग रूममध्ये बसलेले आहेत.

आमच्याकडून पेशंट परत पाठवणं हाही कामाचाच भाग आहे, आणि तो नकोसा वाटतो, कारण माणसं आपली झालेली असतात. पण स्थिर झालेल्यांना आम्ही धरून ठेवलं तर काल डिस्चार्ज झालेल्याला २ आठवड्यांत भेट मिळत नाही, आणि सगळ्यात धोक्याचे आठवडे तेच असतात. स्थिर पेशंटला किमान ६ महिन्यांनी एकदा बघायचं, ते तुमच्याकडे. मात्र परतीचं पत्र नीट असायला हवं. त्यात आजाराचं कारण आणि इजेक्शन फ्रॅक्शन, कोरडं वजन, प्रत्येक औषध कुठवर पोचलं आणि पुढे का गेलं नाही, या माणसासाठी किती क्रिएटिनिन आणि किती बीपी चालवून घ्यायचं, आणि कशावरून आम्हाला परत फोन करायचा, एवढं हवंच. 'बीपी ९६ असतं, चक्कर नाही, औषध कमी करू नये' एवढी एक ओळ नसल्यामुळे महिन्यांची मेहनत एका भेटीत पुसली जाते. असं पत्र आलं नाही तर तुम्ही मागून घ्या. तुमचा तो हक्क आहे.

शेवटच्या काळाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तो भाग बाहेरून दिसत नाही. औषधं कमाल मात्रेला गेली, तरीही पेशंट पुन्हापुन्हा दाखल होतोय, बीपी टिकत नाही म्हणून डोस उलटे खाली आणावे लागताहेत, किडनी थकली आहे. तेव्हा पुढच्या वेळी हॉस्पिटलात जायचं की घरीच राहायचं हे पेशंटला विचारावं लागतं, आणि ज्याने वर्षभर त्याच्या घरी चहा घेतला आहे त्यालाच ते विचारता येतं. आपल्या घरांत मुलगा दाराबाहेर गाठून सांगतो, 'बाबांना काही सांगू नका, खचतील.' मी त्याच्याशी वाद घालत नाही. बाबांनाच विचारते, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती ऐकायला आवडेल, की मुलाशी बोलू? बहुतेक वेळा ते म्हणतात, मला माहीत आहे, त्यालाच सांगा, तो घाबरतोय. आयसीडी (ठोके धोकादायक झाले की शॉक देणारं छातीतलं यंत्र) बसवलेला असेल तर त्याचे शॉक वेळेत बंद करायचं बोलणं झालंच पाहिजे, नाहीतर शेवटच्या तासांत मरणाऱ्या माणसाला झटके बसत राहतात, आणि ते बघणारं घर ते कधीच विसरत नाही. शॉक बंद केल्याने मृत्यू लवकर येत नाही आणि पेसमेकरचं काम चालूच राहतं, हे दोन्ही स्पष्ट सांगायचं. तोंडाने घेतलेलं फ्युरोसेमाइड शोषलं जात नसेल तर काही भागांत ते घरीच शिरेतून किंवा त्वचेखालून पंपाने देता येतं. हॉस्पिसला (अखेरच्या काळातली काळजी घेणाऱ्या संस्थेला) आणि घरोघरी जाणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सेसना लवकर सोबत घ्यायचं. सूज उतरवणं हाच या आजारात दम कमी करण्याचा मोठा उपाय आहे. त्यामुळे 'आता पॅलिएटिव्ह', म्हणजे फक्त आराम देणारी काळजी, म्हणून फ्युरोसेमाइड काढून टाकू नका.

या कामात यायचं असेल तर आधी पेशंटची तपासणी पक्की करा. मानेच्या शिरेतला दाब बघणं पुस्तकातून येत नाही, स्थानिक टीमसोबत दिवस काढायला परवानगी मागा, बहुतेक जण आनंदाने घेतात. युनिव्हर्सिटीतून व्ही३०० हा प्रिस्क्रायबिंगचा कोर्स करावा लागेल आणि त्यासाठी देखरेख करायला तयार असलेला प्रिस्क्रायबर आधी शोधावा लागतो, तुमच्या जीपींनाच विचारा. हार्ट फेल्युअरचं वेगळं मॉड्यूल अनेक युनिव्हर्सिट्यांत आहे. ब्रिटिश सोसायटी फॉर हार्ट फेल्युअरच्या नर्सेससाठीच्या सभा ऐका, तिथे प्रश्न विचारायला कुणी लाजत नाही. एनएचएसच्या पगारश्रेणीतली बँड ६ ची शिकाऊ जागा निघाली तर पगारात फार फरक नसला तरी घ्या. प्रिस्क्रायबर झाल्यावर बँड ७ चा रस्ता मोकळा होतो.

आणि तोवर सर्जरीत बसूनच एक काम करता येईल. संगणकावर दोन याद्या काढा. एक, फ्युरोसेमाइड किंवा त्याच जातीचं ब्युमेटानाइड घेणारे पण नोंदीत हार्ट फेल्युअर नसलेले. दुसरी, हार्ट फेल्युअरच्या रजिस्टरवर असलेले पण बिसोप्रोलॉल २.५ किंवा त्याहून कमी डोसवर वर्षभर थांबलेले. पहिल्या यादीतल्यांचं एनटी-प्रोबीएनपी मागा. दुसऱ्या यादीतल्यांना बोलवा, नाडी आणि उभं राहून बीपी घ्या, डोस का थांबला याचं कारण नोंदींत शोधा. कारण सापडलं तर ते ठळक लिहून ठेवा. सापडलं नाही तर फार्मासिस्टला आणि कम्युनिटी टीमला त्या नावांसकट फोन करा.